धानकोठीतलं एक मत

८ मे २०२५, गुरुवार

नागपूरहून फोन आला. जूनच्या मध्यावर तिथं एक चर्चासत्र आहे, विषय ‘विकसनशील देश आणि आंतरराष्ट्रीय वित्तव्यवस्थेतील सुधारणा’. जूनअखेर स्पेनमध्ये सेव्हिल शहरात सगळ्या देशांची मोठी परिषद भरते आहे, तिच्याआधी इकडची मतं गोळा करायची म्हणे. मला दहा मिनिटं दिली आहेत.

निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. गोंदियाच्या महाविद्यालयात आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं प्रकरण मी दरवर्षी शिकवलं आणि दरवर्षी पोरं पेंगली. आता कोणाला तरी त्यावर माझं म्हणणं ऐकायचं आहे.

सुशिलेला सांगितलं. तिनं विचारलं, “पैसे देतेत का?”

“जाण्यायेण्याचा खर्च.”

“जाऊन या मंग,” म्हणाली आणि वाळवणाच्या सांड्या उन्हात घालायला छतावर गेली.

१९ मे, सोमवार

चार दिवस पाऊस. उन्हाळी धान कापून बांध्यांमध्ये, म्हणजे खाचरांत, पडलं होतं, ते सगळं भिजलं. कामठ्यापासून आमच्या गावापर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोक ओले भारे उलटेपालटे करताहेत. कुठं कुठं लोंबीलाच कोंब आले आहेत.

आमचं नुकसान बेताचं आहे. टोलीवाल्यांचं जास्त. टोली म्हणजे नाल्यापलीकडची वस्ती, चाळीसेक घरं, बांध्या लहान आणि सखल. यंदा त्यांना पेरायला आणि खायला दोन्हीला धान लागणार, म्हणजे कोठीवर ताण येणार.

कोठीबद्दल एकदा नीट लिहून ठेवतो. वीस वर्षांपूर्वी आम्ही बारा घरांनी मिळून गावात धानकोठी काढली. ज्यानं जितकी पोती टाकली तितकी त्याची मतं. एकूण साठ. माझी चौदा, माझा मेव्हणा जीवनलाल याची अकरा, बाकीची इतरांची. अडलेल्यानं पावसाळ्याच्या तोंडाला धान न्यायचं आणि कापणीनंतर सव्वापट परत करायचं, हीच सवाई. ते जास्तीचं पाव आल्यामुळंच कोठी आज तिप्पट झाली आहे. नियम बदलायचा तर साठातली पन्नास मतं लागतात. हे कलम मी घातलं. माझी चौदा बाजूला काढली तर शेहेचाळीसच उरतात, म्हणजे उठलं की बदल असं होत नाही. संस्था टिकायची तर कोणीतरी जबाबदार हवं.

आमचं थोडं ओलं धान आज कोठीतच लावलं. जीवनलालनं आणि आणखी दोघांनीही लावलं. त्याच्या बदल्यात मागचं वाळलेलं घरी आणलं. जूनच्या वाटपात ओलं आधी निघून जाईल.

२५ मे, रविवार

कोठीच्या ओसरीवर सभा झाली. ठराव मी सकाळीच घरी लिहून नेला होता, त्यामुळं वेळ वाचला. यंदा मागणी जास्त, म्हणून थोडी शिस्त: धान नेणाऱ्यानं परतफेड होईस्तोवर घरात लग्नाचं जेवण घालायचं नाही, आम्हा बारा घरांची समिती सांगेल त्याच वाणाचं धान पेरायचं, आणि घरटी एक माणूस तलावाच्या पाळीच्या, म्हणजे बांधाच्या, कामाला द्यायचा.

टोलीची माणसं पायऱ्यांवर आणि खाली अंगणात बसली होती. रुक्माबाई मडावी उभी राहिली. पन्नाशीची बाई, नवरा नाही, टोलीच्या बचतगटाची अध्यक्ष. बोलताना आवाज चढवत नाही.

“सर, आमी सवाई भरून राहिलो वीस वर्सं. कोठीत आता धान कोनाचं जास्ती हाय? बारा घराचं का आमचं?”

मी म्हणालो, “भांडवल संस्थापकांचं आहे, रुक्माबाई. सवाई ही त्याची वाढ.”

“वाढ आमच्या बांधीतून आली.”

“मग तुमचं म्हणणं काय?”

“घरटी एक मत द्या. अन् कोठीची एक किल्ली टोलीत ठेवा.”

जीवनलाल हसला. “रुक्माबाई, बँकेत कर्ज घ्यायला गेलेला मानूस मॅनेजरची खुर्ची मागते का कधी?”

कोणी हसलं नाही. मी मागणी लिहून घेतली आणि विचार करू म्हणालो. ठराव मात्र वाचला तसाच मंजूर झाला. रुक्माबाईनं विचारलं, “लग्नाचं जेवन कायले बंद?” मी सांगितलं, की उधळपट्टीनं परतफेड अडते. ती म्हणाली, “आमच्या इथलं वीस वर्सांत कोनाचं अडलं ते सांगा.” मला एकही नाव आठवलं नाही. तसं मी म्हणालोही. पण नियम हा पुढचं पाहून करायचा असतो.

२ जून, सोमवार

निबंध पुरा होत आला. चेतना, म्हणजे आमची धाकटी, पुण्याहून सुटीवर आली आहे. मी सांगतो, ती लॅपटॉपवर घेते. नाणेनिधीत ज्यानं जास्त हिस्सा घातला त्याची मतं जास्त. एकट्या अमेरिकेकडं सोळा टक्क्यांहून थोडी जास्त. मोठ्या निर्णयाला पंच्याऐंशी टक्के लागतात. म्हणजे तिच्या होकाराशिवाय पान हलत नाही. भारतासारख्या देशाला तीन टक्केसुद्धा नाहीत. आफ्रिकेतले कितीतरी देश मिळून एका मोठ्या देशाइतके होत नाहीत, आणि कर्जाच्या अटी मात्र त्यांनाच पाळाव्या लागतात.

एक वाक्य मला स्वतःला बरं वाटलं, म्हणून इथंही लिहितो: ‘ज्यांना ह्या संस्थेची गरज सर्वांत जास्त, त्यांचाच आवाज तिथं सर्वांत कमी आहे, आणि अटी घेणाऱ्याची गरज पाहून नव्हे, तर देणाऱ्याची सोय पाहून ठरतात.’

हे घेताना चेतनाची बोटं थांबली. मी विचारलं, चुकलं का काही? म्हणाली, “नाही बाबा. बरोबर आहे. अगदी बरोबर आहे.” आणि लॅपटॉप मिटून उठली. पोरांना आपल्या विषयाचं कौतुक कमीच.

कोठीचंही ठरवलं. टोलीच्या दोघांना सल्लागार सदस्य करायचं. सभेत बसायचं, बोलायचं, मत तेवढं नाही. जीवनलाल नको म्हणत होता, मी समजावलं. संध्याकाळी टोलीत जाऊन रुक्माबाईला सांगितलं. तिनं पाणी दिलं, ऐकून घेतलं.

“बोलता येते तं आजही येते सर. पायरीवर बसून बोलूनच राहिलो.”

“आता ओसरीवर बसाल.”

“अन् आयकन कोन?”

मी म्हणालो, सुरुवात तर होऊ द्या. तिनं रिकामा पेला उचलून आत नेला. घरी येताना वाटलं, माणसाला एक पायरी वर दिली तर तो दोन मागतो. मग वाटलं, तिच्या जागी मीही तेच केलं असतं कदाचित. पण मी तिथं नाही.

१५ जून, रविवार

काल नागपूरला जाऊन आलो. सभागृह थंडगार, पाण्याच्या बाटल्या, गळ्यात नावाची पट्टी. दिल्ली-मुंबईची माणसं बोलली तेव्हा सूत्रसंचालिका मान हलवत होत्या. दहा मिनिटांची माझी पाच झाली, कारण आधीचे लांबले. मी मतांच्या वाटणीवर आलो आणि टेबलावरची घंटी वाजली. ते चांगलं वाक्य राहूनच गेलं.

जेवणाच्या वेळी कळलं, की चर्चासत्राचं निवेदन आधीच छापून आलेलं होतं. गठ्ठे दाराशीच ठेवले होते. मी एक उचलून वाचलं. मतांच्या वाटणीवर त्यात एक ओळही नाही. संयोजकांना विचारलं, आम्ही बोलायच्या आधीच हे कसं? ते म्हणाले, “सर, वेळ वाचतो. आणि तुमचं मत आम्ही नोंदवून घेतलंय.”

परतीच्या गाडीत गोंदिया येईपर्यंत डोकं तापलेलं होतं. ऐकायचं नव्हतं तर बोलावलं कशाला? माणसाला बोलावून खुर्ची द्यायची, चहा द्यायचा आणि ठरवायचं ते आधीच ठरवून ठेवायचं, ह्यात अपमान जास्त आहे. न बोलावलेलं परवडलं.

सुशिलेला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत ऐकत होती. शेवटी म्हणाली, “तुमाले लागलं हे.”

“लागणारच.”

“हो,” म्हणाली.

२९ जून, रविवार

वाटपाचा दिवस. सकाळी कोठी उघडली, तराजू लावला, मी आणि जीवनलाल बसून राहिलो. टोलीतून कोणी आलं नाही. गावातली दोन घरं आली, तीही वाळलेलं मागून.

दुपारी ओमेश्वरी सायकलवरून जाताना दिसली. टोलीतली पोरगी, माझी विद्यार्थिनी, आता तिथल्याच अंगणवाडीत आहे. थांबवून विचारलं.

“सर, टोलीनं आपली कोठी काढली.”

“धान कुठून आणलं?”

“घरटी थोडं थोडं. काही दरेकश्याकडच्या सोयऱ्यांनी देलं. रुक्माकाकूच्या आंगनात ढोली लावली बांबूची.”

“किती दिवस पुरेल ते?”

“थोडेच दिवस,” ती म्हणाली. “पन सल्लागार नाई ठेवले सर. सगळेच मेंबर हायेत.”

चेष्टा होती की माहिती, कळलं नाही. वर्गात ती मागच्या बाकावर बसायची.

जीवनलाल म्हणाला, “महिन्याभरात येतेत का नाही पाहा जीजाजी, पोट घेऊन.” मला तसं वाटत नाही, पण वाटावं अशी इच्छा होती, हे खरं.

२० जुलै, रविवार

धानाची रोवणी जोरात. टोलीच्या बाया आल्याशिवाय गावची एक बांधी रोवून होत नाही. यंदा त्यांची एकच अट: मजुरी पैशात नको, धानात पाहिजे आणि वाळलेल्या. सगळ्या गटाची एकच भाषा. मी म्हणालो, पैशात सोयीचं पडतं. रुक्माबाई म्हणाली, “कोनाच्या सोयीचं?”

चिखल तयार होता, पऱ्हा, म्हणजे धानाची रोपं, उपटून ठेवलेला होता. दिलं. मे महिन्यात कोठीतून बदलून आणलेलं वाळलेलं धान घरी होतं, त्यातलंच मोजून दिलं. संध्याकाळी त्याच बाया ते डोक्यावर घेऊन रांगेनं नाल्यापलीकडं गेल्या. मी पाळीवर उभा राहून पाहत होतो. आमच्या कोठीतलं धान त्यांच्या कोठीत चाललं होतं, आणि सवाईची बोलणीच नव्हती.

१० ऑगस्ट, रविवार

कोठीचं दार उघडलं तर वास. ओल्या धानाच्या थप्पीत हात घातला, आत गरम लागलं. खालची पोती काळी पडली आहेत. बाजूच्या चांगल्या पोत्यांनाही ओल धरायला लागली. धान दरवर्षी जूनमध्ये बाहेर जातं आणि हिवाळ्यात नवं आत येतं, म्हणून कोठी चालते. हे मी सभांमधून अनेकदा सांगितलं आहे. नेणारा आलाच नाही तर काय, ह्याचा नियम आमच्याकडं नाही.

समितीची सभा बोलावली. बारांपैकी सात आले. मिलला विकून टाकू असं एकजण म्हणाला. मिलवाल्यानं नमुना हुंगून परत दिला. कोणाचं ओलं धान आधी आत आलं यावर जीवनलाल आणि दुसऱ्या एकात जुंपली. मी तो विषय वाढवू दिला नाही. त्यात माझंही होतं.

२४ ऑगस्ट, रविवार

पोळा होऊन दोन दिवस झाले. जीवनलाल आला तो रागातच.

“जीजाजी, माझ्या बहिनीचं नाव टोलीच्या कोठीत हाय, तुमाले मालूम हाय का?”

मला माहीत नव्हतं. तो गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेलो. सुशिला भाकरी थापत होती.

“टोलीच्या कोठीत तू धान दिलं?”

“देलं. एक पोतं. परसातल्या बांधीचं, माझ्या हातचं.”

“मला सांगितलं नाहीस.”

“तुमी निबंधात होते.”

“आपली कोठी असताना?”

तिनं भाकर तव्यावर टाकली. “तुमच्या नावानं तिथं चौदा मतं हायेत. त्यातलं माझं कोनतं, सांगा.”

मी म्हणालो, माझी मतं ती घराचीच मतं. ती म्हणाली, “मंग घराले कधी इचारलं?” आवाजात राग नव्हता. पुढं म्हणाली, “तिथं खाली बसा लागते सगळ्याईले. पन इचारतेत. मागच्या सभेत मी दोनदा बोलली.”

“काय बोललीस?”

“ते तिथलं हाय,” म्हणाली आणि भाकर उलटली.

चाळीस वर्षांचा संसार आहे. ही सभेत काय बोलत असेल ह्याचा मला अंदाज करता येईना, आणि त्याचंच जास्त वाईट वाटलं.

३१ ऑगस्ट, रविवार

समितीनं मला टोलीत पाठवलं. आमचं म्हणणं साधं: कोठी पक्की आहे, सिमेंटचा ओटा आहे, त्यांच्याकडं बांबूची ढोली आहे आणि तिला गळती लागली आहे. आमच्याकडं चांगलं राहिलेलं धान आहे, पण फिरवायला माणसं नाहीत. भादव्यात त्यांचं धान संपत आलंय. दोन्ही कोठ्या एक कराव्यात.

रुक्माबाईच्या अंगणात सगळे बसले होते. मी बोललो. मध्ये कोणी थांबवलं नाही. बोलून झाल्यावर ओमेश्वरी म्हणाली, “सर, आता आमाले ठरवा लागन. तुमी थोडं बाहेर बसा.”

मी बाहेर गेलो. मोहाच्या झाडाखाली एक दगड होता, त्यावर बसलो. आतून आवाज येत होते, शब्द लागत नव्हते. एकदा सुशिलेचा आवाज आल्यासारखा वाटला, मग बऱ्याच जणी एकदम बोलल्या, मग हसल्या. माझ्याबद्दल असेल किंवा नसेल. कोंबड्या पायाशी येऊन गेल्या. आत काय ठरतंय ते न कळता नुसतं बसून राहणं फार अवघड असतं. नागपुरात निदान खुर्ची होती.

शेवटी रुक्माबाई बाहेर आली.

“एक करू सर. पन घरटी एक मत, बारा घरांलेही एकेकच. किल्ल्या दोन. लग्नाच्या जेवनाचा नियम खोडा. अन् जे धान खराब झालं, ते ज्याचं त्यानं उचलून न्या. आमच्या माथी नोका मारू.”

“समितीला विचारावं लागेल.”

“इचारा. पन लवकर.”

मी निघालो, तशी ती मागून म्हणाली, “सर, ओलं धान आमाले द्याचं होतं ना जूनमधी?”

मी हो म्हणालो.

७ सप्टेंबर, रविवार

समितीत पन्नास मतं लागणार होती. मी माझी चौदा दिली, तेव्हा बाकीचे नाइलाजानं आले. जीवनलालनं सगळ्यांच्या शेवटी हो म्हटलं. माझ्या वाट्याची काळी पोती मी काल बैलगाडीतून नेऊन उकिरड्यावर टाकली.

आज एकत्र कोठीची पहिली सभा झाली. ओसरीवर जागा पुरेना म्हणून सगळेच अंगणात सतरंजीवर बसले. माझ्यासाठी कोणीतरी खुर्ची आणली होती. ती मागं भिंतीशी ठेवून मी खाली बसलो, गुडघे दुखत असूनही. सुशिला बायांमध्ये, रुक्माबाईशेजारी होती. टोलीच्या कोठीत पोतं तिच्या स्वतःच्या नावावर होतं, म्हणून तिचं मत माझ्याहून वेगळं धरलं होतं.

ठराव एकच होता: सव्वापट परतफेड बंद करून पोत्याला दहावा हिस्सा जास्तीचा घ्यायचा. मी विरोधात बोललो. वीस वर्षांचे आकडे दिले, दहाव्या हिश्श्यानं एका वाईट वर्षात कोठी रिकामी होईल हे सांगितलं. हे माझं खरं मत आहे, आजही. सगळ्यांनी ऐकलं. रुक्माबाईनं दोन प्रश्न विचारले आणि एका ठिकाणी माझं बरोबर आहे असंही म्हणाली. म्हणून वाईट वर्षापुरता जास्त हिस्सा घ्यायची तरतूद जोडली गेली. नागपुरात निवेदनात माझी एकही ओळ गेली नव्हती. इथं एक गेली.

मग हात वर करायला सांगितलं. ठरावाच्या बाजूनं जवळजवळ सगळं अंगण उभं राहिल्यासारखं वाटलं. त्यात सुशिलेचा हात होता, हिरव्या बांगड्यांचा, कोपरापर्यंत सरळ. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही.

विरोधात आम्ही पाच जण. मी, जीवनलाल आणि जुन्यांतले तिघे. जुन्या मोजणीनं ह्या पाच हातांची बेचाळीस मतं झाली असती आणि ठराव पडला असता. हे मी हात वर असतानाच मनात मोजलं, सवय आहे.

ओमेश्वरीनं बोट फिरवून पाच मोजली, फळ्यावर पाच लिहिलं आणि आमच्याकडं वळून म्हणाली, “सर, झालं. हात खाली करा आता.”